जावई निघाला नांदायला!

मैत्रिणींनो, सून नांदायला येते हे आपलं. डोंगराळ मेघालयातल्या खासी समाजात मात्र रीतीप्रमाणे धाकट्या लेकीचा नवराच सासरी येतो! मुलांना कूळ आईचं, पिढीजात घरही धाकटीचं. (आता त्याला 'वडिलोपार्जित' कसं म्हणायचं बाई?)

पाहुण्याला आधी 'क्वाय', म्हणजे पान, सुपारी, चुना. पूर्वी गाव किती लांब विचारलं, तर दोन क्वाय चघळून होतील एवढं, असंही सांगायचे म्हणे!

पण हुरळू नका. घराबरोबर म्हातारे आईबाप सांभाळणंही धाकटीकडेच. आणि गावकारभाराचा 'दोरबार'? तिथे परंपरेने पुरुषच बसत आले.

हे सासूबाईंना सांगितलं, तर निवडत्या मेथीवरची नजर न काढता म्हणाल्या, "म्हणजे चाव्या बाईच्या कमरेला नि निवाडा बाप्यांचा. नवल ते काय त्यात?"