छातीतले पाणी

‘छातीत पाणी झाले’ म्हटले की पेण-रोह्याच्या खेड्यांत प्रथम क्षय आठवतो. पुष्कळदा तो असतोही. परंतु फुफ्फुसाचा वा स्तनाचा कर्करोग पसरला तरी असेच पाणी साठते. म्हणून काढलेले पाणी तपासले पाहिजे, ही पहिली गोष्ट.

फुफ्फुसाभोवती दोन पातळ पडदे असतात. त्यांच्यामध्ये एरवी दोन-चार चमचेच पाणी असते. नवे येते, जुने शोषले जाते. कर्करोगाने पडदे सुजतात, शोषणाच्या वाटा बुजतात आणि पाणी लिटर-दोन लिटरपर्यंत चढते. फुफ्फुस दबते. मग गणपतीच्या कारखान्यात बसून रंगकाम करणाऱ्यालाही धाप लागते. चार घासांत ताट सरकवावे लागते. रात्र भिंतीला टेकून जाते आणि घरातले दुसरे माणूसही जागे राहते.

सुईने पाणी काढले की अनेकांना त्याच दिवशी मोकळे वाटते. एका वेळी साधारणपणे दीड लिटरहून अधिक काढीत नाहीत. याने कर्करोग बरा होत नाही, हे रुग्णाला स्पष्ट सांगितले पाहिजे. मिळते ते असे : पाठ टेकून झोप, न्हाणीपर्यंत स्वतःच्या पायांनी जाणे, न थांबता पुरे होणारे वाक्य. ज्याचे दबलेले फुफ्फुस पुन्हा फुलत नाही, त्याला आराम कमी मिळतो.

पुष्कळांचे पाणी महिन्याभरात पुन्हा भरते. येथून प्रश्न सुईचा राहत नाही, वाटेचा होतो. टाटा स्मारक केंद्राचे खारघरचे रुग्णालय रायगड जिल्ह्यातच आहे. तरी रोह्याहून पेण, पनवेल करीत तेथे जायचे म्हणजे रुग्णाचा उरलेला दम आणि सोबत्याची मजुरी, दोन्ही खर्ची पडतात.

यावर दोन उपाय आहेत. शंखजिऱ्याची निर्जंतुक पूड घालून पडदे चिकटवणे, किंवा छातीत बारीक नळी ठेवून घरीच बाटलीत पाणी काढणे. २०१२ साली ब्रिटनमधील १०६ रुग्णांच्या अभ्यासात दम कमी होण्यात दोन्ही सारखेच ठरले. नळीवाल्यांचे इस्पितळातील दिवस मात्र कमी भरले. नळीला स्वच्छता लागते, बाटल्यांना पैसे लागतात.

सोनोग्राफी आणि शिकलेला हात असेल तर पाणी तालुक्याच्या गावीही काढता येते. तेव्हा कार्यकर्त्याने डॉक्टरांना विचारावे : हे जवळ कोठे होईल? नळी बसेल काय? बाटल्यांचा खर्च कोण देईल? ज्याचे दिवस मोजके आहेत, त्याचे ते दिवस रस्त्यात जाऊ नयेत.