एकट्याने लढायची लढाई

बुद्धिबळाला जोडीदार लागतो. पण इतिहासातील लढाई पटावर एकट्यालाही लढता येते. १९ व्या शतकात प्रशियाचे लष्करी अधिकारी असे युद्धखेळ शिक्षणासाठी खेळत. १९५८ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्धातील गेटिसबर्गच्या लढाईचा पट तिथे विक्रीस आला. त्याच लढाईतील एक प्रसंग आपण मांडू.

३ जुलै १८६३. दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांनी सुमारे १२,५०० सैनिकांना उघड्या मैदानातून चाल करण्याचा हुकूम दिला. सुमारे सव्वा किलोमीटरवर, टेकाडावरील दगडी बांधाआड उत्तरेची फौज होती.

कागदावर एका ओळीत सहा चौकोन आखा. प्रत्येक चौकोन म्हणजे २०० मीटर. अलीकडे १२ सोंगट्या ठेवा. एक सोंगटी म्हणजे सुमारे हजार सैनिक. दर खेपेस सर्व सोंगट्या एक घर पुढे सरकवा आणि प्रत्येकीसाठी फासा टाका. पहिल्या चार घरांत तोफांचा मारा आहे. १ पडल्यास सोंगटी उचला. शेवटच्या दोन घरांत बंदुकाही आहेत; १ किंवा २ पडल्यास उचला. उचललेली सोंगटी म्हणजे मृत, जखमी किंवा मागे फिरलेले सैनिक.

एकट्याच्या खेळात एक अडचण असते: शत्रूचे गुपित आपल्याला ठाऊक असते. उत्तरेचे तोफखानाप्रमुख हेन्री हंट यांनी दारूगोळा वाचवण्यासाठी तोफा शांत केल्या; दक्षिणेला वाटले, त्या निकामी झाल्या! म्हणून आधी एक नाणे उडवून वाटीखाली झाका. हल्ल्याचा हुकूम वहीत लिहा, मगच वाटी उचला. छापा असेल तर तोफा शाबूत. काटा असेल तर त्या खरोखर निकामी. पहिल्या चार घरांत फासा टाकू नका. ली यांनाही वाटीखालचे नाणे न पाहताच निर्णय घ्यावा लागला होता.

आता गणित पाहा. छापा असल्यास दर खेपेस पहिल्या चार घरांत ५/६ आणि पुढे ४/६ सोंगट्या टिकण्याची शक्यता. म्हणजे १२ पैकी सरासरी सुमारे २.६ बांधापर्यंत पोचतात. काटा असल्यास सुमारे ५.३. पण एखाद्या डावात छापा असूनही सहा पोचतील! म्हणून एका डावावरून निर्णय योग्य की अयोग्य हे ठरवता येत नाही. अनेक डावांची सरासरी पाहावी लागते. १९४६ मध्ये आजारपणात एकट्याने पत्ते खेळताना गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम यांना हीच कल्पना सुचली. तिच्यातून ‘मॉन्टे कार्लो’ पद्धत निर्माण झाली आणि न्यूट्रॉनांच्या प्रवासाची गणिते तिने सोडवली गेली.

मात्र एक लक्षात ठेवा: १ आणि २ हे आकडे आपण ठरवले, इतिहासाने नव्हे. प्रत्यक्षात त्या हल्ल्यातील सुमारे निम्मे सैनिक मृत, जखमी किंवा कैद झाले. तीन दिवसांत दोन्ही बाजूंची अशी हानी सुमारे ५१,००० होती. फाशाला त्या माणसांची भीती आणि थकवा कळत नाही. वीस डावांचा तक्ता करा, नियम बदलून पुन्हा खेळा आणि कोणता नियम खऱ्या आकड्यांच्या जवळ जातो ते शोधा.