आजोबांची पलटण, आजोबांचे शेत
गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्यामुळे जुन्या जमिनीचा शोध घेणाऱ्याला बहुधा भंडाऱ्याचे अभिलेखागार गाठावे लागते. आजचा सातबारा तेवढे मागचे सांगत नाही. 1951 मध्ये मालगुजारी संपेपर्यंत गाव मालगुजाराचे असे. कुळाचे नाव बंदोबस्ताच्या कागदांत, अधिकार अभिलेखात नाहीतर खसऱ्यात शोधायचे.

सैनिकाची नोंद मात्र गावात नव्हे, रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात असते. महार रेजिमेंटचे ते मध्य प्रदेशात सागरला आहे. ही रेजिमेंट 1941 साली बेळगावात उभी राहिली. पहिल्या महायुद्धातली 111वी महार पलटण वेगळी, 1921 मध्ये मोडलेली. डिस्चार्ज प्रमाणपत्रावरचा सेवा क्रमांक मिळाला तर निम्मे काम झाले. नुसत्या नावावरचा शोध म्हणजे तणसाच्या ढिगात सुई. दोन्ही महायुद्धांत मरण पावलेल्यांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत पाहता येतात.