रातकिड्यांचा जोडधंदा : आधी गिऱ्हाईक, मग डबा

यंत्रमागाला मंदी आली की विट्यात घरबसल्या जोडधंद्याच्या गोष्टी निघतात. हल्ली आमच्या पेढीवर येणारे काही कारीगर बंधू रातकिडे पाळण्याबद्दल विचारतात. मुंबई-पुण्यात परदेशी पाली व सरडे पाळण्याचा शौक वाढला आहे. या प्राण्यांना जिवंत किडा लागतो, म्हणून रातकिड्याला दाम मिळतो. गोष्ट खरी आहे, पण ती पुरती समजून घेतली पाहिजे.

पहिली बाब गिऱ्हाइकाची. शौकिनाकडचा प्रत्येक सरपटणारा प्राणी रातकिडा खात नाही. हिरवा इग्वाना पालापाचोळ्यावर जगतो, अजगराला उंदीर लागतो. रातकिडा खातात त्या लहान पाली व काही सरडे. मत्स्यालयातील अरोवानासारखे मांसाहारी मासे आणि किडे खाणारे पक्षी हेही गिऱ्हाईकच. एक मध्यम पाल आठवड्यात वीस-पंचवीस किडे खाते असे धरा. म्हणजे दर आठवड्याला हजार किडे खपवायचे तर अशा चाळीस-पन्नास पाली पाळणारे लोक हवेत. ते विट्यात नाहीत. ते मोठ्या शहरांत आहेत, आणि त्यांच्यापर्यंतचा रस्ता दुकानदारामार्फत जातो. सबब डबा विकत घेण्याआधी दुकानदाराशी बोला. त्याला आठवड्याला किती नग, कोणत्या आकाराचे लागतात आणि पैसे रोख की उधार, हे विचारा.

"पिल्ले आमच्याकडून घ्या, माल आम्हीच परत घेऊ" असे म्हणणाऱ्यापासून दूर राहा. २०१२ मध्ये इमू पक्ष्यांच्या नावाने आणि २०१९ मध्ये आपल्याच जिल्ह्यात इस्लामपूरच्या कडकनाथ कोंबडी प्रकरणात याच वायद्यावर शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. थायलंडमध्ये रातकिड्यांचे सुमारे वीस हजार फार्म असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये लिहिले होते. हा आकडा दाखवून आपल्याला भुलवतील. तेथे माणसे रातकिडे खातात, बाजार आधीपासून होता. आपल्याकडे तसे नाही.

आता कामाची रीत. यात विट्याला एक सोय आहे. कुक्कुटपालनामुळे अंड्यांचे कागदी ट्रे आणि पिलांचे खाद्य येथे सहज मिळते, आणि मुख्य सामान तेच. गुळगुळीत भिंतीचा मोठा प्लास्टिक डबा घ्यावा व ट्रे त्यात उभे लावावेत. झाकणाला मोठे भोक पाडून लोखंडी बारीक जाळी बसवावी. मलमल किंवा नायलॉन लावू नये, रातकिडा कापड कुरतडतो. आम्हा कपडेवाल्यांना हे विशेष सांगावेसे वाटते : ज्या खोलीत सूत किंवा कापडाची गाठोडी आहेत, तेथे हा डबा ठेवू नका. कपाटातल्या डांबरगोळ्या, डासांची कॉइल आणि फवारा, हेही सारे किड्याला मारक आहे. मुंग्या तर मोठ्या दुश्मन. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत.

नर पंख घासून आवाज करतो. मादीला मागे सुईसारखी नळी असते, ती ओल्या मातीत खुपसून अंडी घालते. दोन-तीन इंच ओली माती किंवा नारळाचा भुसा भरलेली वाटी ठेवावी, वर जाळी घालावी म्हणजे बाकीचे अंडी उकरणार नाहीत. दोन-तीन दिवसांनी वाटी दुसऱ्या डब्यात हलवावी. ३० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता मिळाली की दहा-बारा दिवसांत मुंगीएवढी पिल्ले निघतात आणि सहा ते आठ आठवड्यांत मोठी होतात. आपला उन्हाळा त्यांना मानवतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मात्र बल्बची ऊब द्यावी लागते, आणि वीज गेली की वाढ थांबते.

पाणी भांड्यात उघडे ठेवले तर पिल्ले बुडतात, ओला कापूस किंवा स्पंज ठेवावा. गाजर, भोपळा चालतो, फवारलेली भाजी नको. गर्दी झाली किंवा अन्न कमी पडले तर एकमेकांना खातात. ओल आणि घाण साचली तर दुर्गंधी सुटते व एका रात्रीत डबा साफ होतो. २००९-१० च्या सुमारास एका विषाणूने अमेरिकेतले मोठमोठे फार्म रिकामे केले, म्हणून बाहेरून आणलेले किडे जुन्या डब्यात मिसळू नका.

मागावर एक बीम संपण्याआधी दुसरे तयार लागते, तसेच येथे. दर आठवड्याला माल द्यायचा तर आठ-दहा डबे वेगवेगळ्या वयाचे चालू हवेत. एकाच डब्यावर धंदा होत नाही.

कायद्याचेही पाहा. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीत जिवंत नागांवर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली न्यायालयाने बंधने घातली, हे जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. घोरपड, चांदणी कासव, देशी साप घरी ठेवणे गुन्हा आहे. त्या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार आंतरराष्ट्रीय यादीतले परदेशी प्राणीही नोंदवावे लागतात, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे ही नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते. रातकिडा विकणाऱ्यावर हे ओझे नाही. तरी चोरीचा प्राणी बाळगणाऱ्याशी नेमाने व्यवहार ठेवणे आम्हांस पसंत नाही.

माल पाठवताना हवेची भोके पाडलेल्या खोक्यात ट्रेचे तुकडे घालावेत, आदल्या दिवशी किड्यांना पोटभर खाऊ घालावे, आणि पार्सल रात्रीच्या गाडीने पाठवावे. एप्रिल-मेच्या दुपारी बंद टपात खोके तापले तर पोहोचेपर्यंत निम्मे मेलेले निघतील, आणि मेलेल्या नगाचे पैसे कोणताही दुकानदार देत नाही.