वडीलधाऱ्यांसह रात्रीचा प्रवास

लग्न, दवाखाना किंवा कोर्टाचे काम निघाले की आपल्याकडे रात्रीचा प्रवास ठरतो. ऊन लागत नाही आणि सकाळी पोहोचून दिवसभर काम उरकता येते. हे खरे असले तरी सत्तरी ओलांडलेल्या माणसाला एक रात्र गाडीत बसून काढणे वाटते तितके सोपे नाही.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याची माझी आत्या फार आजारी पडली. वडील ८२ वर्षांचे, त्यांना रक्तदाब आणि मधुमेह. "बहिणीला एकदा बघून येतो," एवढेच ते म्हणाले. त्याच रात्री आम्ही लातूरहून गाडीने निघालो. टेंभुर्णीला चहासाठी थांबलो तेव्हा पाहिले, तर त्यांची पाण्याची बाटली भरलेलीच. ओठ कोरडे, आवाज बारीक. मी विचारले, "अण्णा, पाणी का घेतलं नाही?" ते म्हणाले, "पाणी प्यालं की गाडी थांबवावी लागते. त्या पोराला किती वेळा थांब म्हणू?"

वाचकहो, घरोघरची म्हातारी माणसे असेच करतात. आपला त्रास कुणाला नको म्हणून ती तहान मारतात. वयाबरोबर तहान आधीच कमी लागते. त्यात लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अंगातले पाणी लवकर कमी होते, रक्तदाब उतरतो आणि उठताना चक्कर येऊन माणूस पडतो. म्हणून "थांबायचे का?" असे विचारू नका. दर दोन तासांनी गाडी आपणहून थांबवा. थांबल्यावर लगेच उतरवू नका. मिनिटभर पाय खाली सोडून बसू द्या, मग हात धरून उठवा. लघवीची गोळी मनाने बंद करू नका. प्रवासाच्या दिवशी ती केव्हा घ्यायची हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारा.

दुसरी गोष्ट पायांची. चार तासांहून अधिक वेळ बसून प्रवास केल्यास पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितले. मुळात हा धोका थोडाच असतो, म्हणून घाबरू नये. बसल्या बसल्या घोटे फिरवावेत, थांबल्यावर चार पावले चालावे. मात्र नंतर एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर चोळत बसू नका, दवाखाना गाठा.

मधुमेह असेल तर जेवण समोर आल्याशिवाय जेवणाआधीचे इन्सुलिन देऊ नका, कारण ढाब्यावर ताट येईलच याचा भरवसा नसतो. दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

त्या रात्री अण्णांना थोडे थोडे पाणी पाजत आणि दोन ठिकाणी थांबत आम्ही गेलो. पोहोचायला तासभर उशीर झाला. पण सकाळी ते स्वतःच्या पायांनी आत्याच्या खाटेपर्यंत चालत गेले आणि तिचा हात धरून बसले. आठ दिवसांनी आत्या गेली.

निघण्यापूर्वी एवढे करा: दोन दिवसांची जादा औषधे आणि औषधांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत नको. सोबत साखर, पाणी, चष्मा आणि काठी असू द्या. पोहोचल्यावर दोन तास त्यांना आडवे होऊ द्या, काम नंतर. आणि छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा ताप असेल, तर कितीही महत्त्वाचे काम असो, आधी डॉक्टरांना दाखवा, मगच गाडीत बसवा.