'असे समजते'

आज एका साध्या क्रियापदाबद्दल बोलू या. समजणं. आपण रोज म्हणतो, 'मला समजलं', 'तिला समजलं'. कुणाला, ते सांगतोच. वर्तमानपत्रात मात्र हे 'कुणाला' गळून नुसतं 'असे समजते' उरतं.

१९५६ ते १९६० हा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा काळ आठवा. मुंबईचं काय होणार, हा घराघरातला प्रश्न. निर्णय दिल्लीत व्हायचा. अधिकृत घोषणेआधी काही कानावर आलं, की लिहायची सोय होती : 'अमुक निर्णय होणार असल्याचे समजते.' सांगणाऱ्याचं नाव झाकलेलं, आणि बातमी फिरली तरी संपादकांची मान मोकळी. 'समजले' नाही हं, 'समजते'! 'समजले' म्हटलं की कधी, कुणाकडून, असं विचारता येतं. 'समजते'ला तारीखच नाही.

त्यात मराठीत क्रियापद येतं वाक्याच्या शेवटी. म्हणजे निर्णय आधी वाचून होतो, शंका मागून येते. एकानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, अशा घरातून बातमी शेजारी जाईपर्यंत ती शेपटी गळणारच. 'होणार असल्याचे समजते'चं 'झालं म्हणे' व्हायला कितीसा वेळ? आणि पुढच्या दारी तो 'म्हणे'ही जातो.

घोषणा झाली, की क्रियापद बदलायचं : 'जाहीर केले'. तिथे करणाऱ्याचं नाव आलंच. जुना अंक हाती लागला, तर आधी वाक्याचं शेवटचं टोक बघा.