घोट्याचा आस

भोसरीच्या टूलरूममध्ये उमेदीची वर्षं गेल्यामुळे जिग दिसला की माझी नजर आधी डेटमकडे जाते. जॉब कशावर टेकवलाय, मापं कुठल्या पृष्ठभागापासून धरलीत? तिथे गडबड झाली तर ड्रिल कितीही नेमकं चालो, भोक चुकीच्या जागीच पडतं. सांधा बदलताना हाड कापायलाही जिग लागतो हे कळलं, तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेलेला नाही. गुडघ्याचं आता घरोघरी माहीत आहे. मला ओढ लागली ती घोट्याची, कारण तिथे डेटम कशाला म्हणायचं यावरच सत्तरहून अधिक वर्षं वाद चालू आहे.

गुडघ्यापेक्षा घोटा लहान, पण चालताना त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे पाचपट दाब येतो. नडगी आणि टाच यांच्यामध्ये टेलस नावाचं हाड बसतं. 1976 साली रॅमसे आणि हॅमिल्टन यांनी मृतदेहांच्या घोट्यांमध्ये ते 1 मिलिमीटर बाहेरच्या बाजूला सरकवून पाहिलं. हाडांचा एकमेकांना टेकणारा भाग तेवढ्याने 42 टक्क्यांनी घटला. त्यात घोट्याची झीज बहुतेक वेळा जुन्या फ्रॅक्चरमुळे होते. म्हणजे सर्जनपुढे येतो तो जॉब आधीच वाकडा झालेला असतो.

कृत्रिम घोट्यांच्या पहिल्या पिढीचं थोडक्यात सांगतो, कारण ती हकिगत दुःखाची आहे. 1970 साली फ्रान्समध्ये लॉर्ड आणि मारोत यांनी खुब्याच्या सांध्याचा दांडा उलटा करून नडगीत बसवला आणि टेलस काढूनच टाकलं. 25 पैकी 12 सांधे निकामी झाले. 1985 मध्ये लंडन हॉस्पिटलच्या सर्जननी आपल्या 62 सांध्यांचा हिशेब मांडला आणि सांधा बदलण्यापेक्षा तो कायमचा जखडून टाकणंच बरं, असं लिहिलं. तरीही कोपनहेगनचे हाकोन कोफोड आणि साउथ डाकोटातल्या सू फॉल्सचे फ्रँक अल्विन यांनी काम सोडलं नाही. अल्विन यांची एक युक्ती मला फार आवडते. पायाला बाहेरून चौकट लावून ते सांधा ताणून धरत, आतले अस्थिबंध ताठ होत, आणि मग हाड कापलं जाई. जॉब आधी पक्का धरायचा आणि मग पातं लावायचं, ही शिस्त त्यात होती.

हाड कापायचा नेहमीचा जिग, म्हणजे गाइड, दिसायला साधा असतो. नडगीला समांतर एक दांडी, तिचं वरचं टोक गुडघ्याखालच्या उंचवट्याजवळ पिनेने रोवलेलं, खालच्या टोकाला खाचा असलेला ठोकळा. सर्जन सी-आर्म या फिरत्या क्ष-किरण यंत्राखाली समोरून आणि बाजूने पाहतो, दांडी हाडाच्या रेषेत आणतो आणि खाचेतून करवतीचं पातं घालतो. आतल्या घोट्याच्या कोपऱ्यात आधीच एक पिन ठोकलेली असते, म्हणजे पातं तिथे अडतं. ते तिथे थांबलं नाही तर घोट्याचं ते टोक मोडू शकतं. मागच्या बाजूला अंगठ्याचा स्नायुबंध, मज्जातंतू आणि रक्तवाहिनी असतात, तेव्हा पातं खोलवर जाऊ देऊन चालत नाही.

डावी-उजवीकडचा कल, पुढचा-मागचा उतार आणि कापाची उंची क्ष-किरणात दिसते. ठोकळा स्वतःभोवती किती वळवायचा, हे मात्र तितकं उघड दिसत नाही. कोणी आतला घोटा आणि टेलस यांच्यामधल्या फटीत पातळ पट्टी घालून तिला समांतर जातं, तर कोणी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेवर विसंबतं. या दोन रेषा दर पायात जुळतीलच असं नाही. माझ्या मते या साऱ्या उपकरणांचं मर्म याच एका कोनात आहे. तो कोन शोधत मागे गेलं की व्हर्न इनमन भेटतात.

इनमन सॅन फ्रान्सिस्कोचे अस्थिशल्यविशारद होते. त्यांचे जोडीदार हॉवर्ड एबरहार्ट हे बर्कलीला स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक. 1944 साली धावपट्टीवर भाराच्या चाचण्या घेताना एबरहार्ट यांचा पाय जड चाकाखाली सापडला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. पुढच्याच वर्षी दोघं मिळून कृत्रिम पायांच्या संशोधनाला लागले. माणूस चालतो कसा हे नीट ठाऊक नसताना कृत्रिम पाय कसा करणार, असा त्यांचा रोख होता. चालताना नडगी स्वतःभोवती किती वळते हे मोजण्यासाठी त्यांच्या प्रयोगशाळेत स्वयंसेवकांच्या हाडांत चक्क धातूच्या पिना रोवल्या गेल्या. कातडीवर लावलेली खूण कातडीबरोबर घसरते, म्हणून मोजमाप थेट हाडावरून घ्यायचं. इतकी निष्ठा मी टूलरूममध्येही क्वचित पाहिली.

घोट्याबद्दलचं इनमन यांचं पुस्तक 1976 साली आलं. त्याआधी, 1952 मध्ये, बार्नेट आणि नेपियर यांनी टेलसच्या आतल्या कडेची वक्रता पुढे एक आणि मागे दुसरी असते असं दाखवलं होतं. त्यावरून त्यांचा निष्कर्ष असा की पाऊल वर उचलताना घोटा एका आसाभोवती फिरतो आणि खाली दाबताना दुसऱ्या. हे तेच जॉन नेपियर, ज्यांनी पुढे 1964 मध्ये लुई लीकी आणि फिलिप टोबायस यांच्याबरोबर ‘होमो हॅबिलिस’ला नाव दिलं. इनमन यांनी बार्नेट आणि नेपियर यांना भूमितीने उत्तर दिलं. आस एकच आहे, पण तिरपा. टेलसची बाहेरची बाजू त्या आसाला काटकोनात असते, आतली बाजू नसते. गोल वस्तू तिरपी कापली की काप लंबगोल दिसतो, आणि त्या लंबगोलालाच तुम्ही दोन वक्रता समजलात. त्यांच्या मोजणीत आस आणि नडगी यांच्यातला कोन सरासरी 82.7 अंश होता, पण माणसागणिक त्यात बरेच अंश कमीजास्त. दोन्ही घोट्यांच्या टोकांच्या किंचित खाली एकेक बोट टेकवा आणि पाऊल हलवा. बोटांना जोडणारी रेषा म्हणजे साधारण तो आस, आणि तो आडवा नाही हे लगेच जाणवतं.

मग टेलसचा घुमट इनमन यांच्या मते छाटलेल्या शंकूसारखा ठरला, निमुळती बाजू आत आणि रुंद बाजू बाहेर. फुलपात्र आडवं करून लोळवलं की ते सरळ न जाता वळत जातं, तसंच घोटा वर-खाली होताना पाऊलही थोडं वळतं. हा शंकू पुढे धातूत उतरला. 2006 साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या सॅल्टो टॅलॅरिस सांध्यात टेलसच्या भागाची आतली त्रिज्या बाहेरच्यापेक्षा लहान ठेवलेली आहे. त्याच्या उपकरणांतली कल्पना मला सर्वांत प्रामाणिक वाटते. नडगीकडचा तात्पुरता भाग सैल ठेवायचा, पाऊल वर-खाली हलवायचं, आणि तो भाग आपोआप जिथे स्थिरावेल तीच त्याची जागा धरायची. वळणाचा तो अवघड कोन इथे सांध्यालाच ठरवू दिला आहे.

मार्क रायली यांनी दुसरंच टोक गाठलं. मणक्याच्या दबलेल्या हाडात फुगा फुगवण्याची कल्पना काढणारे हेच सर्जन. त्यांच्या इनबोन सांध्यात पाय चौकटीत जखडतात, चौकटीतल्या सळया क्ष-किरणात एकावर एक येईपर्यंत सी-आर्म हलवतात, आणि मग तळव्यातून 6 मिलिमीटरचं ड्रिल टाच आणि टेलस भेदून नडगीच्या पोकळीत नेतात. नडगीतला दांडाही सलग नसतो, त्याचे तुकडे सांध्याच्या फटीतून एकामागून एक फिरवून जोडत वर सरकवतात. हाडाची पोकळी हाच डेटम, यापेक्षा धीट विचार मला माहीत नाही. टेलसचा रक्तपुरवठा मात्र तुटपुंजा असतो आणि ड्रिल त्यातूनच जातं. टीकाकारांचा हा मुद्दा मला रास्त वाटतो.

आणि मग 2014 साली फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातून सोरिन सीगलर आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. सीटी स्कॅनवरून टेलसच्या घुमटाचं त्रिमितीय मोजमाप करून त्यांनी सांगितलं की शंकू आहे खरा, पण त्याचं निमुळतं टोक बाहेरच्या बाजूला आहे. म्हणजे इनमन यांच्या नेमकं उलट! तोवर इनमन यांचा शंकू धातूत उतरवलेले सांधे कितीतरी पायांत बसले होते.

आता रुग्णागणिक बनवलेल्या गाइडचा जमाना आहे. सीटी स्कॅनवरून संगणकावर हाड उभं करतात आणि त्या हाडावरच चपखल बसेल असा नायलॉनचा गाइड छापतात. गंमत अशी की झिजलेल्या सांध्याच्या कडेला वाढलेले हाडाचे काटे, जे सर्जन एरवी आधी तासून काढेल, तेच इथे लोकेटर असतात. गाइड बसेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. सीटीत कूर्चा धड दिसत नाही, म्हणून गाइड टेकणार त्या जागी मऊ ऊती हाडापर्यंत खरवडून काढायच्या. खाली एखादा लहानसा तंतू राहिला तरी गाइड तिरका बसतो. नीट बसला की त्यातून पिना रोवायच्या, नायलॉन काढून घ्यायचं आणि त्याच पिनांवर कापायचा धातूचा ठोकळा सरकवायचा. ठरवलेल्या कोनापासून फारतर दोन-तीन अंशांची चूक, इतपत नेमकेपणा यातून साधतो.

पण तो कोन ठरतो शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी, संगणकाच्या पडद्यावर. कंपनीचा अभियंता आराखडा सर्जनकडे पाठवतो. त्यात नडगीचा आस आखलेला असतो, कापाची जाडी मिलिमीटरमध्ये दिलेली असते, आणि वळणाची एक रेषा असते. ही रेषा आतल्या फटीवरून काढायची, दोन्ही घोट्यांच्या टोकांवरून की दुसऱ्या बोटावरून, हे कोणीतरी माणूसच निवडतो. सर्जनने मंजुरी दिली की छपाई सुरू होते.